शेपटी हलते, म्हणून लगेच हात पुढे करू नये

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तेथे घोडा पाहायला आलेला जाणता माणूस आधी त्याच्या कानांकडे पाहतो आणि कान मागे पडून मानेला चिकटले असतील, तर मालकाने कितीही आग्रह केला तरी पुढे होत नाही. बैलबाजारातही हाच शिरस्ता असतो. दात, खूर आणि चाल तर पाहिली जातेच. पण अनोळखी हात पाठीवर पडल्यावर बैल अंग चोरतो की निवांत उभा राहतो, हेही न बोलता टिपले जाते. खानदेशातला शेतकरी जनावर वाचण्यात मुळीच कच्चा नाही. म्हणूनच याचे नवल वाटते की, हाच माणूस दारातल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र सगळी भिस्त एका शेपटीवर ठेवतो. ती हलली की कुत्रा खूश, ती पायांत गेली की तो घाबरला, आणि भुंकला की रागावला, एवढ्यावर आपला हिशेब आटोपतो. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी बसलेली असतात, त्यांच्याकडेही आपण इतक्या वर्षांत नीट पाहिलेले दिसत नाही.

कुत्र्याला माणसाची माया कळते का, असे मला अनेक जण विचारतात, कारण आमच्या जळगावच्या घरी भुरी नावाची एक गावठी कुत्री आहे आणि तिच्याविषयी मी गरजेपेक्षा जास्त बोलतो. कळते, आणि त्याला आता चांगला शास्त्रीय पुरावाही आहे. परंतु आपण ती माया ज्या पद्धतीने दाखवतो, म्हणजे गळ्यात हात टाकून, तोंडाजवळ तोंड नेऊन, डोक्यावर थोपटून, ती पद्धत माणसांची आहे. कुत्रा ती बहुतेक वेळा सोसतो, आणि सोसत असल्याचे अंगाने सांगतही असतो. ते सांगणे ऐकू येण्यासाठी शेपटीपलीकडे पाहावे लागते.

शेपटीपासूनच सुरुवात करायची, तर तिचे हलणे म्हणजे आनंद नव्हे. कुत्रा उत्तेजित आहे, एवढेच त्यातून कळते. ती उत्तेजना कोणत्या जातीची आहे, हे शेपटीची उंची आणि तिचा ताठरपणा पाहून ठरवावे. मागचे अर्धे अंग लचकवत, सैल, पाठीच्या रेषेत फिरणारी शेपटी स्वागताची असते. उंच, ताठ, टोकाशी तेवढी थरथरणारी शेपटी हा इशारा असतो, आणि अनेक माणसे नेमकी याच हलण्याला फसतात. इटलीतील संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की, मालक समोर आला की कुत्र्याची शेपटी किंचित कुत्र्याच्या स्वतःच्या उजवीकडे अधिक हलते आणि दांडगा अनोळखी कुत्रा दिसला की डावीकडे. २०१३ साली त्याच गटाने पुढची गोष्ट सांगितली की, हा फरक दुसऱ्या कुत्र्यांनाही जाणवतो आणि डावीकडे झुकलेले हलणे पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात. हा शोध सुंदर आहे. पण तो चित्रफीत मोजून लागलेला आहे आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला तो फरक पकडता येणे अवघड आहे. उंची आणि ताठरपणा मात्र कोणालाही दिसतो. तोही त्या त्या कुत्र्याच्या नेहमीच्या ठेवणीशी ताडून पाहावा लागतो, कारण आपल्या अनेक गावठी कुत्र्यांची शेपटी एरवीही पाठीवर वळलेली असते, तर कारवानी जातीच्या सडपातळ कुत्र्याची मुळातच खाली असते. भुरीची शेपटी पाठीवरून उतरून सरळ झाली, की मी तिच्याऐवजी ती जिकडे पाहते आहे तिकडे पाहतो.

चार्ल्स डार्विन याने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या, माणसांच्या व प्राण्यांच्या भावप्रदर्शनावरील ग्रंथात एक प्रसंग वर्णिला आहे. समोरून येणारा माणूस परका आहे असे समजून कुत्रा ताठ, उंच होऊन, शेपटी उभारून चालत असतो. तो आपलाच मालक आहे हे कळताच त्याचे सगळे अंग क्षणात खाली येते, लवते, नागमोडी होते आणि शेपटी उतरून डोलू लागते. रागाच्या मुद्रेत शरीर जसे असते, नेमके त्याच्या उलट मायेच्या मुद्रेत होते, असा त्याचा सिद्धान्त होता. त्या सिद्धान्ताविषयी मतभेद असतील. पण त्या निरीक्षणाला आज दीडशे वर्षांनीही धक्का लागलेला नाही, आणि आपल्या गल्लीत संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या माणसाच्या कुत्र्यात ते रोज पाहायला मिळते. कुत्र्याचे अंग गोलाईत आहे की सरळ रेषेत, हा एकच प्रश्न मनाशी ठेवला, तरी निम्मे काम होते.

उरलेले निम्मे चेहऱ्यावर असते. कुत्रा आपल्याला तोंड दुसरीकडे वळवून, पण डोळा आपल्याकडेच ठेवून पाहत असेल आणि बुबुळाच्या कडेला डोळ्याच्या पांढऱ्या भागाची कोर दिसत असेल, तर त्याला आपण हवे नाही आहोत. जिभेचे टोक पटकन बाहेर येऊन नाकावरून फिरते आणि आत जाते. समोर खाण्याचे काही नसताना हे घडले, तर तो अस्वस्थतेचा संकेत समजावा. झोपेची वेळ नसताना दिलेली जांभई, एकदम जमीन हुंगू लागणे, पुढचा एक पाय उचलून धरणे, अंगावर पाण्याचा थेंब नसताना ओले असल्यासारखे अंग झटकणे, ही सगळी त्याच कुळातली लक्षणे. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगोस यांनी अशा हालचालींना शांतवणारे संकेत म्हटले. समोरच्याला आणि स्वतःलाही थंड करण्यासाठी कुत्रा ते वापरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यातले कोणतेही एक लक्षण सुटे घेऊन निष्कर्ष काढू नये, असे मला वाटते. दुपारी झोपून उठलेला कुत्रा जांभई देणारच, आणि चुलीवर कळण्याची भाकरी असेल तर जीभही बाहेर येणारच. पण आपण जवळ गेल्यावर यातली दोन-तीन लक्षणे एकापाठोपाठ एक दिसली, तर थांबावे.

पाठीवरचे केस उभे राहणे हेही असेच फसवे लक्षण आहे. ते नेहमीच रागाचे नसते. भीती, उत्सुकता, अगदी खेळातली खुमखुमीसुद्धा केस उभे करते.

आपल्या भागापुरता एक वेगळा घोटाळा उन्हाळ्यात होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि तेव्हा कुत्र्याचे तोंड दिवसभर उघडे, ओठांचे कोपरे मागे आणि जीभ बाहेर असते. त्याचे छायाचित्र काढून ‘बघा कसा हसतो आहे’ असे लिहून पाठवणारे माझ्या नात्यात किमान तिघे आहेत. माणसासारखा सर्वांगाला घाम येण्याची सोय कुत्र्याकडे नाही. पंज्यांच्या गाद्यांमधून येणारा थोडासा घाम त्याला पुरत नाही, म्हणून तो धापा टाकून जिभेवरच्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने अंग थंड करतो. त्या धापांत आनंद शोधण्यापेक्षा पाण्याची परात भरावी. उलट, धापा टाकणारा कुत्रा अचानक तोंड मिटून स्तब्ध झाला, तर त्याकडे मात्र पूर्ण लक्ष द्यावे. कुत्र्याच्या साऱ्या लक्षणांत सर्वांत धोक्याचे लक्षण कोणते, असे कोणी विचारले, तर भुंकणे नाही आणि दात दाखवणेही नाही, थिजणे आहे. हात लावल्यावर ज्या कुत्र्याची शेपटी, मान, श्वास सगळे क्षणभर थांबते, त्याच्या सांगण्याच्या पायऱ्या संपत आलेल्या असतात.

हे मी प्रथम पुस्तकातून शिकलो नाही. यावल तालुक्यात माझ्या मामांचे केळीचे शेत आहे आणि तेथे वाघ्या नावाचा राखणीचा कुत्रा होता. एका सुटीत पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने त्याला पाहताच धावत जाऊन गळ्यात दोन्ही हात टाकले आणि आम्ही सगळे कौतुकाने पाहत राहिलो, कारण वाघ्या हलला नाही. शेतावरचे सालदार मात्र हातातला विळा खाली ठेवून उठले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “त्याले सोडी दे रे भाऊ, तो सांगी राहिना ना.” म्हणजे, त्याला सोड, तो सांगतो आहे ना. भाच्याने हात काढले, वाघ्याने मान वळवून अंग झटकले आणि तो केळीच्या खोडांआड निघून गेला. आम्हाला जे शांतपण वाटले होते, ते त्या माणसाला सांगणे वाटले. ते सालदार वाघ्याला कधी कुरवाळताना दिसले नाहीत. ते न्याहारीला बसत तेव्हा वाघ्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून बसे, आणि भाकरीचा शेवटचा तुकडा जमिनीवर पडे. कुत्र्याने आपल्याकडे पाठ करून बसणे हा उद्धटपणा नव्हे. ज्याच्यावर नजर ठेवण्याची गरज वाटत नाही, त्याच्याकडेच तो पाठ करतो.

मिठीची अडचण अशी की, वानरकुळात जवळ घेणे ही मायेची मूळ खूण असली, तरी कुत्र्यांत ती नाही. एका कुत्र्याने दुसऱ्याच्या मानेवर किंवा खांद्यावर पाय टाकणे हा एक तर खेळ असतो, नाही तर दांडगाई. शिवाय कुत्र्याचा पहिला उपाय पळ काढणे हा असतो आणि मिठी नेमका तोच काढून घेते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी २०१६ साली इंटरनेटवरची, माणसांनी कुत्र्यांना मिठी मारल्याची २५० छायाचित्रे तपासली, तेव्हा ८१.६ टक्के छायाचित्रांतील कुत्र्यांमध्ये अस्वस्थतेचे किमान एक लक्षण त्यांना आढळले. हा रीतसर प्रकाशित शोधनिबंध नव्हता आणि एका क्षणाच्या छायाचित्रावरून किती सांगता येते, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणून त्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. पण आपल्या फोनमधील अशी छायाचित्रे काढून माणसाऐवजी कुत्र्याचा चेहरा पाहिला, तर कान मागे, डोळ्याची पांढरी कोर आणि मिटलेले तोंड पुन्हा पुन्हा दिसते, हे कोणीही तपासू शकेल. काही कुत्र्यांना आपल्या माणसाची मिठी चालते, काहींना आवडतही असेल. परक्याची मिठी आवडणारा कुत्रा मी अजून पाहिलेला नाही.

मग हात लावायचा तरी कसा? समोरून, वरून, डोक्यावर हात आणू नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना वेगवेगळ्या जागी हात लावून त्यांचे वागणे नोंदवले गेले, तेव्हा डोक्याचा माथा, पंजे आणि तोंड धरणे या स्पर्शांना अस्वस्थतेचे प्रतिसाद अधिक मिळाले. छाती आणि मानेची बाजू त्या मानाने सुसह्य ठरली. आपण थोडे तिरके बसावे, डोळ्यांत रोखून पाहू नये आणि कुत्र्याला येऊ द्यावे. आला, तर हनुवटीखाली किंवा छातीवर तीन-चार सेकंद खाजवावे आणि हात काढून घ्यावा. या काढून घेण्यातच सगळी मेख आहे. कुत्रा पुढे सरकला, नाकाने हात उचलला किंवा अंग टेकले, तर त्याला आणखी हवे आहे. तो जागीच राहिला किंवा त्याने मान वळवली, तर पुरे झाले. भुरीच्या बाबतीत मी अजूनही असेच करतो आणि काही संध्याकाळी उत्तर नकाराचे येते.

पोट वर करून आडवे होण्याचेही दोन अर्थ आहेत. अंग सैल, पाय लोंबते, तोंड उघडे असेल, तर पोट खाजवायला हरकत नाही. पाय आखडलेले, शेपटी पोटाशी आणि तोंड मिटलेले असेल, तर तो गयावया करतो आहे, त्याला सोडून द्यावे. लहान मुलांना हा फरक कळत नाही, आणि बऱ्याच मोठ्यांनाही.

आता उलट बाजू, म्हणजे आपली माया त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचते. जपानमधील अझाबु विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले की, कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांकडे शांतपणे पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, जे आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यातही काम करते. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत असे घडले नाही. येथे गल्लत होऊ नये. ही नजर आपल्या माणसाची आणि मऊ असते. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत टक लावून पाहणे हे आजही आव्हानच ठरते.

आवाजाची वाट हंगेरीतील संशोधकांनी तपासली. बुडापेस्टला कुत्र्यांना एमआरआय यंत्रात निश्चल पडून राहायला शिकवले गेले आणि त्यांना शाबासकीचे शब्द व साधे शब्द, दोन्ही कौतुकाच्या आणि सपाट सुरात ऐकवले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, मेंदूतील सुखाचा भाग शब्द आणि सूर दोन्ही कौतुकाचे असतील तेव्हाच उजळला. म्हणजे ‘शहाणा रे माझा’ हे शब्द वर्तमानपत्र वाचता वाचता पुटपुटले, तर ते फारसे पोचत नाहीत, आणि गोड सुरात शेजाऱ्याची निंदा केली, तरी कुत्रा भुलत नाही. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने वासाची वाट पाहिली. ओळखीचा व अनोळखी माणूस, ओळखीचे व अनोळखी कुत्रे आणि स्वतःचा वास यांपैकी सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा भाग ओळखीच्या माणसाच्या वासाला सर्वाधिक प्रतिसाद देत होता, आणि तो माणूस त्या वेळी खोलीतही नव्हता. शिकायला पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाच्या जुन्या टॉवेलवर जाऊन झोपणारी कुत्री खानदेशातल्या कितीतरी घरांत असतील. त्याचे कारण येथे सापडते.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम, कारण ते आपल्यासारख्या रस्त्यांवरच्या, कोणाच्याही नसलेल्या कुत्र्यांवर झाले आहे. २०१७ साली त्यांनी मांडले की, अनोळखी माणसाच्या हातातून खाणे घेण्यापेक्षा ते जमिनीवरून उचलणे ही कुत्री पसंत करतात, अंगाशी संबंध येऊ देत नाहीत. परंतु तोच माणूस पुन्हा पुन्हा येत राहिला, तर खाण्यापेक्षा त्याच्या कुरवाळण्याने विश्वास अधिक पक्का होतो. यावरून मला ती जमिनीवर टाकलेली भाकरी आठवते. टाकून दिलेला तुकडा म्हणजे अनादर, असे शहरातल्या माणसाला वाटते. अनोळखी कुत्र्याच्या बाजूने पाहिले, तर अंतर राखून दिलेले खाणे हीच सभ्य सुरुवात आहे, आणि हात नंतरचा आहे. याच गटाने २०२० साली दाखवले की, कोणीही न शिकवलेली रस्त्यावरची कुत्रीसुद्धा माणसाने बोटाने दाखवलेली दिशा समजून घेतात. गावातली सगळीच मंडळी सालदारासारखी समंजस असतात, असे मात्र कोणी समजू नये. दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे आणि कुत्रे दिसताच दगड उचलणे हेही आपल्याच गावात चालते, आणि वाकलेला माणूस पाहताच पळणाऱ्या कुत्र्याने तेही नीट वाचलेले असते.

अपराधी चेहऱ्याविषयी थोडे. चपलेचा चोथा केलेला कुत्रा कान पाडून, नजर चुकवून बसतो, तेव्हा त्याला आपली चूक कळली असे आपण धरून चालतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात असा चेहरा कुत्र्याने खरोखर खोडी केली होती की नाही, यावर ठरत नव्हता. मालक रागावला की तो उमटत होता, आणि काहीच न केलेल्या कुत्र्याच्या तोंडावरही उमटत होता. तो चेहरा पश्चात्तापाचा नसून ‘आता रागावू नका’ अशा विनवणीचा आहे. त्यानंतरही ओरडत राहिल्याने कुत्रा चपलेविषयी काही शिकत नाही, आपल्याविषयी शिकतो.

गुरगुरण्याबद्दलही आपण असेच चुकीचे शिकवतो. कुत्रा गुरगुरला की त्याला फटका मारण्याची रीत आहे, आणि त्याने गुरगुरणे थांबतेही; पण ज्या त्रासामुळे तो गुरगुरत होता, तो तसाच राहतो. पुढच्या खेपेला असा कुत्रा न सांगता चावतो आणि घरातले म्हणतात की, याने अचानक चावा घेतला. चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिच्यात हळद, चुना किंवा तिखट भरू नये आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा; कुत्रा घरचा आणि लाडका असला, तरीही.

शेवटी, जेथे माया दाखवायचीच नसते अशा कुत्र्यांविषयी. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळांचे कळप रस्त्याने जाताना दिसतात आणि त्यांच्यासोबत कुत्री असतात. त्यांचे काम कळप आणि परका यांच्यामध्ये उभे राहण्याचे असते. असा कुत्रा वाटेत आडवा, ताठ, शेपटी उंच करून उभा राहिला, तर त्याला चुचकारू नये, बिस्किट दाखवू नये आणि पळूही नये. मोटारसायकल थांबवावी, नजर खाली ठेवून, अंग थोडे तिरके करून उभे राहावे आणि मेंढपाळदादांना आवाज द्यावा. कळप पुढे सरकला की तो अंग झटकतो, जमीन हुंगतो आणि मेंढ्यांमागे निघून जातो. मग गाडी सुरू करावी.